नकाशा जुना, यंत्र शाबूत

अंधेरीचा गोपाळ कृष्ण गोखले पूल ७ नोव्हेंबर २०२२पासून वाहतुकीला बंद झाला आणि अंधेरी पूर्वेचं पश्चिमेशी असलेलं मोठं नातं तुटलं. जुलै २०१८मध्ये त्याच्या पदपथाचा भाग रेल्वे रुळांवर कोसळला होता, तेव्हापासूनच या पुलाचे दिवस भरत आले होते. जुना पूल पाडला गेला. नव्या पुलाची एक बाजू २६ फेब्रुवारी २०२४ रोजी खुली झाली, तेव्हा तो शेजारच्या बर्फीवाला उड्डाणपुलापेक्षा बराच उंच झाल्याचं सगळ्या शहराने पाहिलं. मग बर्फीवाला पुलाचं टोक जॅक लावून उचललं, जुलै २०२४मध्ये दोन्ही पूल जोडले आणि मे २०२५मध्ये गोखले पूल पूर्ण खुला झाला. अडीच वर्षांत एकाच रस्त्याने इतकी रूपं बदलली. २०१०च्या सुमाराचा नकाशा पोटात घेऊन बसलेल्या गाडीतल्या नेव्हिगेटरला मात्र यातलं काहीच कळलं नाही. पूल बंद असतानाही तो चालकाला थेट बॅरिकेडपर्यंत नेत राहिला असता.

अशा यंत्राला २०१३चा ईस्टर्न फ्रीवे ठाऊक नसतो. २०१४मध्ये खुला झालेला सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता आणि २०२१चा घाटकोपर-मानखुर्द उड्डाणपूलही त्याच्या लेखी अस्तित्वात नसतात. म्हणून तो निकामी ठरवला जातो आणि बोरिवली-मुलुंडच्या घरांत जुन्या चार्जरच्या खणात जाऊन पडतो. खरं तर त्याचा पडदा उजळतो, स्पीकर बोलतो, उपग्रहांचे संकेत पकडणारा भागही काम करतो. बिघाड त्याच्या शरीरात नसतो. तो असतो आत भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये आणि कंपनीने थांबवलेल्या नकाशांच्या पुरवठ्यात. याच ठिकाणी मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा प्रश्न उभा राहतो: यंत्र विकत घेणाऱ्याने त्यात स्वतःच्या पसंतीची ऑपरेटिंग सिस्टिम का घालू नये?

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे यंत्र सुरू झाल्यावर त्याचा कारभार हाती घेणारा मूळ प्रोग्रॅम. पडदा, बटणं, मेमरी कार्ड, आवाज आणि जीपीएसचा रिसीव्हर या सगळ्यांचा ताबा त्याच्याकडे असतो. ‘दोनशे मीटरवर डावीकडे वळा’ सांगणारं ॲप त्याच्या खांद्यावर बसलेलं असतं. कंपनीची सिस्टिम बंद पेटीसारखी असते. मुक्त सिस्टिमचा मूळ मजकूर, म्हणजे सोर्स कोड, कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि पुढे देता येतो. घरातल्या संगणकावर विंडोजच्या जागी लिनक्स घालणारे लोक आता पुष्कळ आहेत. गाडीतल्या डब्यावर तेच करणं जास्त अवघड आहे, पण अशक्य नाही. त्याचा सगळ्यात शिकण्यासारखा दाखला टॉमटॉमच्या यंत्रांचा आहे.

टॉमटॉम ही ॲमस्टरडॅमची कंपनी. मराठी वाचकांपैकी अनेकांना ती ओळखीची आहे, कारण तिचं मोठं तांत्रिक केंद्र पुण्यात आहे. कंपनीने २००४मध्ये ‘गो’ नावाचं काचेला चिकटवायचं यंत्र बाजारात आणलं. त्याच्या आत लिनक्स होतं. लिनक्स फुकट मिळतं, पण त्याच्यासोबत जीपीएल हा परवाना येतो आणि त्याची अट सरळ आहे. लिनक्स घातलेलं यंत्र विकलं, तर त्यातल्या लिनक्सचा बदललेला सोर्स कोडही ग्राहकाला मागितल्यावर द्यावा लागतो. जर्मन प्रोग्रॅमर हाराल्ड वेल्टे तेव्हा ही अट न पाळणाऱ्या कंपन्यांच्या मागे लागले होते. टॉमटॉमशी २००४मध्येच न्यायालयाबाहेर समझोता झाला आणि कंपनीने तो कोड खुला केला.

एका परवान्यातल्या अटीने ग्राहकाच्या हातात किती मोठी चावी दिली, हे पुढे दिसलं. त्या खुल्या कोडवर काही हौशी प्रोग्रॅमरांनी ‘ओपनटॉम’ नावाची पर्यायी सिस्टिम बांधली. टॉमटॉमची जुनी यंत्रं सुरू होताना त्यांचा बूटलोडर, म्हणजे सिस्टिमला जागं करणारा छोटा प्रोग्रॅम, ‘टीटीसिस्टिम’ नावाची फाइल शोधतो. लिनक्सचा गाभा आणि सुरुवातीच्या फाइली यांची मोट त्या एका फाइलीत बांधलेली असते. ती मेमरी कार्डावर सापडली, तर यंत्र तिथूनच सुरू होतं. ओपनटॉमवाल्यांनी नेमकं याच नावाची आपली फाइल तयार केली. संगणकावरून ती कार्डावर टाकायची, कार्ड यंत्रात सरकवायचं आणि यंत्र पुन्हा सुरू करायचं. कार्ड काढलं की कंपनीची मूळ सिस्टिम जशीच्या तशी परत येते. नवख्याला धीर देणारी याहून चांगली रचना क्वचितच सापडते. कार्डाची खाच नसलेल्या मॉडेलांत मात्र फाइल आतल्या मेमरीत बदलावी लागते, म्हणून मूळ फाइलींची प्रत आधी संगणकावर घेणं तिथे अनिवार्य ठरतं.

या यंत्रांची ताकद आजच्या मानाने फार तुटपुंजी आहे. प्रोसेसर दोनशे ते चारशे मेगाहर्ट्झचा, रॅम ३२ किंवा ६४ एमबी. आजच्या साध्या फोनलाही याच्या पन्नासपट रॅम असते. एवढ्याशा जागेत लिनक्स, हलकी चित्रप्रणाली आणि ‘नॅव्हिट’ हा मुक्त नेव्हिगेशन प्रोग्रॅम बसवायचा, म्हणजे एकेका केबीचा विचार करावा लागतो. ज्यांनी हे केलं त्यांच्या चिकाटीला दाद द्यायलाच हवी. अर्थात मर्यादाही आहेत. ओपनटॉम जुन्या ‘गो’ आणि ‘वन’ घराण्यातल्या यंत्रांपुरतं आहे, मेनू ओबडधोबड आहेत, आणि एखाद्या मॉडेलवर टच नीट चालला तर दुसऱ्यावर आवाज येत नाही.

टॉमटॉमच्या लिनक्सला आणखी एक झटका बसला. मायक्रोसॉफ्टने २५ फेब्रुवारी २००९ रोजी कंपनीवर आठ पेटंटांच्या भंगाचा दावा ठोकला. त्यातली तीन पेटंटं मेमरी कार्डावर फाइली ठेवण्याच्या ‘फॅट’ पद्धतीशी, म्हणजे पर्यायाने लिनक्सशी जोडलेली होती. जगभरच्या मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी श्वास रोखला, कारण या खटल्याचा निकाल लिनक्सवर चालणाऱ्या प्रत्येक वस्तूपर्यंत पोचू शकत होता. ३० मार्चला दोघांत तडजोड झाली. टॉमटॉमने पैसे मोजायचे आणि दोन वर्षांत ती सोय काढून टाकायची ठरलं. त्याच मायक्रोसॉफ्टने २०१८मध्ये लिनक्सला पेटंटांपासून संरक्षण देणाऱ्या ओपन इन्व्हेन्शन नेटवर्कमध्ये प्रवेश केला.

जुन्या यंत्रांवर काळाने दोन घाव घातले. जानेवारी २०१८मध्ये टॉमटॉमने जाहीर केलं की काही जुन्या मॉडेलांना यापुढे नकाशे मिळणार नाहीत, कारण त्यांच्या मेमरीत नवे नकाशे पेलण्याची क्षमता उरलेली नाही. त्यांतल्या काही ग्राहकांनी ‘आजीवन नकाशे’ म्हणून यंत्र घेतलं होतं. इथे कंपनीची तांत्रिक अडचण खरी असली, तरी ‘आजीवन’ कोणाच्या आयुष्याचं हे ग्राहकाला आधी स्पष्ट सांगायला हवं होतं. दुसरा घाव उपग्रहांकडून आला. जीपीएसचे मूळ संकेत आठवडे मोजताना १०२३पर्यंतच जातात आणि पुन्हा शून्यावर येतात. ही मोजणी ऑगस्ट १९९९मध्ये एकदा आणि ६ एप्रिल २०१९ रोजी दुसऱ्यांदा शून्यावर आली. ज्या यंत्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये याची तजवीज नव्हती, त्यांची तारीख जवळपास वीस वर्षं मागे गेली. कोड खुला असेल, तर अशी चूक एखाद्या माहीतगाराला काही ओळींत दुरुस्त करता येते. कोड बंद असेल, तर कंपनीच्या मर्जीची वाट पाहावी लागते.

भारतात विकल्या गेलेल्या नेव्हिगेटरांपैकी पुष्कळ लिनक्सवर नव्हेत, तर मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सीईवर चालत. त्यांच्यात मूळ सिस्टिम बदलणं जवळजवळ अशक्य असतं, कारण तिचा कोड खुला नसतो. पण एक आडवाट आहे. अशा अनेक स्वस्त यंत्रांच्या सेटिंगमध्ये ‘नेव्हिगेशन पाथ’ नावाची जागा असते आणि बटण दाबल्यावर कार्डावरची कोणती फाइल चालवायची, ते तिथे सांगता येतं. तिथे कंपनीच्या प्रोग्रॅमऐवजी नॅव्हिटची विंडोज सीईसाठीची फाइल दाखवली, की खालची सिस्टिम तीच राहते आणि वर मुक्त नकाशा धावू लागतो. तंत्रशुद्ध अर्थाने ही नवी ऑपरेटिंग सिस्टिम नव्हे, पण गाडीत बसलेल्या माणसाचा हेतू त्यातून साध्य होतो.

आज मुंबईच्या उपनगरांत हा विषय निघतो तो अँड्रॉइड स्टिरिओवरून. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर गाड्यांच्या सुट्या भागांचा आणि सजावटीचा जो बाजार आहे, तिथे वॅगन आर किंवा स्विफ्टमध्ये बसणारा नऊ इंची पडदा दुपारभरात बसवून मिळतो. असे डबे चिनी आणि तैवानी चिपांवर चालतात: ऑलविनर, रॉकचिप, युनिसॉक, मीडियाटेक. अँड्रॉइडचा पाया लिनक्स असल्यामुळे त्यातही सिस्टिम बदलण्याची शक्यता असते. कारागीर त्याला ‘सॉफ्टवेअर मारणं’ किंवा ‘फ्लॅश मारणं’ म्हणतात.

ग्राहकाने पहिली तपासणी दुकानातच करावी. काही स्वस्त युनिटांत सेटिंगमध्ये अँड्रॉइड १२ किंवा १३ लिहिलेलं असतं आणि आत प्रत्यक्षात ८.१ असतं. रॅमचा आकडाही फुगवलेला असतो. ही फसवणूक आहे आणि ती सॉफ्टवेअरमध्ये एक ओळ बदलून केलेली असते. सीपीयू-झेड किंवा एडा ६४ यांसारखं ॲप चालवलं, तर चिपचं खरं नाव, खरी रॅम आणि लिनक्स गाभ्याची आवृत्ती दिसते. त्या तीन गोष्टी लिहून ठेवल्याशिवाय पुढचं पाऊल उचलू नये, कारण बाहेरून एकसारखे दिसणारे दोन पडदे आतून पूर्ण वेगळे असू शकतात.

पुढचं पाऊल समजून घेण्यासाठी या डब्याची शरीररचना माहीत हवी. त्यात दोन मेंदू असतात. मोठ्या मेंदूत अँड्रॉइड चालतं. दुसरा लहान असतो, त्याला एमसीयू म्हणतात. चावी फिरवल्यावर युनिटला जागं करणं, रिव्हर्स गिअर टाकताच कॅमेऱ्याचं चित्र आणणं, स्टिअरिंगवरची बटणं ओळखणं, एफएम आणि ॲम्प्लिफायर सांभाळणं ही कामं त्याची. दोघांचं सॉफ्टवेअर वेगवेगळं असतं. हौशी मंडळींचा सगळ्यात मोठा घात इथेच होतो. अँड्रॉइडची फाइल चुकली, तर बहुतेक वेळा रिकव्हरीमधून परत येता येतं. दुसऱ्या बनावटीच्या डब्याचं एमसीयू सॉफ्टवेअर घातलं, तर रेडिओ मुका होतो, बटणं उलटसुलट चालतात किंवा युनिट कायमचं मरतं. म्हणून अनुभवी लोक जुनं एमसीयू चालत असेल, तर त्याला हात लावत नाहीत.

काम करणाऱ्याने आधी कंपनीचं मूळ फर्मवेअर, म्हणजे यंत्रात भरलेलं सॉफ्टवेअर, मिळवून ठेवावं, परतीचा रस्ता तोच आहे. गाडीच्या कॅन बसची, म्हणजे तिच्या इलेक्ट्रॉनिक भागांना जोडणाऱ्या माहितीवाहिनीची सेटिंग आणि फॅक्टरी मेनूतल्या पानांचे फोटो काढून ठेवावेत, कारण नवं सॉफ्टवेअर घातल्यावर ते सगळं हाताने पुन्हा भरावं लागतं. पेन ड्राइव्ह बहुतेक युनिटांना फॅट ३२ पद्धतीनेच लागतो. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे वीज. फ्लॅश मारताना मध्येच बॅटरी बसली किंवा कोणी चावी काढली, तर अर्धवट लिहिलेली सिस्टिम पुन्हा उठत नाही. जाणकार त्यासाठी युनिट डॅशबोर्डातून काढून घरच्या टेबलावर १२ व्होल्टच्या पॉवर सप्लायवर काम करतात. बंद जागेत, उदाहरणार्थ इमारतीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये, इंजिन चालू ठेवून हा उद्योग करणं धुरामुळे जिवावर बेतू शकतं.

मात्र या डब्यांसाठी खऱ्या अर्थाने पूर्ण मुक्त सिस्टिम फार थोड्या आहेत. रॉकचिप पीएक्स-५ चिपच्या युनिटांसाठी हौशी प्रोग्रॅमरांनी सुधारलेली फर्मवेअर मोठ्या प्रमाणावर वापरली गेली, पण ती कंपनीच्याच सॉफ्टवेअरवर केलेली डागडुजी आहे. याचं कारण बनवणाऱ्यांच्या वागण्यात आहे. लिनक्स गाभ्याचा कोड देणं त्यांच्यावर बंधनकारक असूनही अनेक जण तो देत नाहीत आणि ग्राहकाला तक्रार कोणाकडे करायची ते कळत नाही. काही कंपन्या कोड देतात, पण यंत्राला असं कुलूप लावतात की कंपनीच्या डिजिटल सहीशिवाय ते काहीच सुरू करत नाही. कोड वाचायला मिळाला तरी बदललेला कोड चालत नसेल, तर त्या स्वातंत्र्यातलं निम्मं गेलंच. जून २००७मध्ये आलेल्या जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत अशा कुलपाविरुद्ध कलम आहे, मात्र लिनक्सचा गाभा दुसऱ्याच आवृत्तीवर राहिला.

गाडी कंपनीने कारखान्यातच बसवलेल्या पडद्याची गोष्ट निराळी. एसी, पार्किंग सेन्सर, काही गाड्यांत सुरक्षा व्यवस्थाही त्याला जोडलेली असते. वॉरंटी चालू असताना त्यात हात घालणं शहाणपणाचं नाही. गंमत म्हणजे याही पडद्यांमागे आता मुक्त सॉफ्टवेअर आहे. लिनक्स फाउंडेशनच्या ‘ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स’ प्रकल्पातून आलेली सिस्टिम टोयोटाने २०१८च्या कॅमरीत वापरली. गाडी कंपन्यांना मुक्त सॉफ्टवेअरचा फायदा मिळतो, तर तसाच तो गाडीमालकापर्यंतही पोचला पाहिजे. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २४ डिसेंबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलमध्ये वाहनांच्या क्षेत्राचा समावेश आहे. दुरुस्तीच्या या हक्कात सॉफ्टवेअरचीही गणना व्हायला हवी. आज ती चर्चा पाना-स्क्रूड्रायव्हरच्या पलीकडे फारशी जात नाही.

यंत्र जिवंत झालं की लागतो नकाशा. तो येतो ओपनस्ट्रीटमॅपमधून. स्टीव्ह कोस्ट यांनी २००४मध्ये इंग्लंडमध्ये सुरू केलेला हा नकाशा स्वयंसेवक काढतात आणि कोणालाही फुकट उतरवून घेता येतो. भारतात नकाशांवरचे निर्बंध पूर्वी कडक होते. १५ फेब्रुवारी २०२१ रोजी विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने नवी मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली आणि भारतीयांना नकाशे तयार करणं, वापरणं पुष्कळ मोकळं झालं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये प्रत्येक ठिकाणाला मराठी नावाची वेगळी जागा आहे, त्यामुळे ‘घाटकोपर’, ‘भांडुप’, ‘दहिसर’ पडद्यावर देवनागरीत उमटू शकतात. ईस्पीक एनजी या मुक्त बोलणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मराठीही आहे. त्याचा उच्चार यांत्रिक आहे, तरी सूचना मराठीत ऐकू येणं ही अनेक चालकांसाठी साधी सोय नसून गरज आहे. अँड्रॉइड युनिटवर ऑस्मअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप घातलं, तर संपूर्ण महाराष्ट्राचा नकाशा इंटरनेटशिवाय चालतो. जुन्या ६४ एमबीच्या यंत्रासाठी मात्र नकाशाचा तुकडा कापावा लागतो, वसईपासून पनवेलपर्यंतचा तुकडा रोजच्या मुंबईकराला पुरतो.

या नकाशात गर्दी दिसत नाही. साकीनाक्याला किंवा घाटकोपरच्या एलबीएस मार्गावर आत्ता किती गाड्या अडकल्या आहेत, हे लाखो फोनांवरून माहिती गोळा करणाऱ्या बड्या कंपनीलाच कळतं. रोज ऑफिसला वेळेत पोचायची ज्याला घाई आहे, त्याने फोन बाजूला ठेवावा असं कोणी सुचवणार नाही. पण आपण कुठे कुठे जातो याची नोंद कोणाकडेही जाऊ नये असं ज्याला वाटतं, किंवा ज्याला माळशेज घाटात नेटवर्क गेल्यावरही रस्ता हवा आहे, त्याच्यासाठी हा खरा पर्याय आहे. १ ऑक्टोबर २०२०पासून लागू झालेल्या मोटार वाहन नियमांतल्या दुरुस्तीनुसार हातातलं उपकरण गाडी चालवताना फक्त मार्ग पाहण्यासाठी आणि लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतं. डॅशबोर्डवर पक्कं बसवलेलं यंत्र त्या दृष्टीनेही बरं.

लिनक्सची भीती वाटणाऱ्यांसाठी पवईच्या आयआयटी मुंबईतल्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे धडे आहेत. लिनक्सच्या आज्ञा, फाइलींची रचना, परवानग्या हे सगळं तिथे मराठीतूनही शिकता येतं. कार्डावर सिस्टिम चढवण्याआधी एवढी ओळख पुरेशी असते.

उपनगरांचा रस्ता या यंत्रांची परीक्षा मात्र कठोर घेतो. अंधेरी-कुर्ला रस्त्यावर डोक्यावर मेट्रो आहे, पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या लांब पट्ट्यावरही आहे. खाली धावणाऱ्या गाडीला उपग्रह अर्धेच दिसतात, उरलेले संकेत इमारतींवर आपटून उशिरा येतात आणि यंत्राचा अंदाज काही मीटर सरकतो. गाडी उड्डाणपुलावर आहे की त्याखालच्या रस्त्यावर, हे त्याला कळेनासं होतं. नॅव्हिट काय किंवा दुसरं कोणतं सॉफ्टवेअर काय, रिसीव्हर कमकुवत असेल, तर चमत्कार करू शकत नाही. अँड्रॉइड युनिटचा अँटेना धातूच्या पट्टीखाली न कोंबता डॅशबोर्डच्या वरच्या बाजूला काचेजवळ ठेवला, तर पुष्कळ फरक पडतो. बसवताना कारागिराला हे आवर्जून सांगावं.

बोगद्यात तर उपग्रह दिसतच नाहीत. किनारी रस्त्याचा दोन किलोमीटरचा बोगदा वापरात आहे आणि गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्यासाठी राष्ट्रीय उद्यानाखालून सुमारे पावणेपाच किलोमीटरचे जुळे बोगदे व्हायचे आहेत. टॉमटॉमच्या ‘गो ९२०’ आणि ‘९३०’मध्ये त्यासाठी हालचाल ओळखणारे सेन्सर दिलेले होते, संकेत तुटला तरी ती यंत्रं काही अंतर अंदाजाने पुढे सरकत. डॅशबोर्डातल्या स्टिरिओकडे याहून भक्कम साधन आहे. कॅन बसमधून चाकांचा प्रत्यक्ष वेग त्याच्यापर्यंत पोचवता येतो, काचेला लावलेल्या फोनला तो सहसा मिळत नाही. वेगाची ही तार आणि मुक्त नकाशा यांची गाठ घालणारा कोड लिहिणं, हे पवई-अंधेरीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांना एका सत्रात करता येण्याजोगं काम आहे, आणि त्याची चाचणी घ्यायला किनारी रस्त्याचा बोगदा आजच तयार आहे.